चौथऱ्यावर कोण उभं राहणार

१६ जून, सोमवार

पेट्या आल्या. बारा. थर्मोकोलचे तुकडे अजून जिन्यावर उडताहेत आणि झाडायचं नाव कुणी घेत नाही.

आत काय, तर हेडसेट. डोळ्यांवर बांधायचे, भिंतीकडे तोंड करायचं आणि हवेत हात हलवायचे — झाली चित्रकला. आमचे डायरेक्टर उदयसिंहराव सकाळी सगळ्या शिक्षकांसमोर अर्धा तास बोलले. काळ बदलला, मुलं बदलली, आपण कधी बदलणार वगैरे. मी खिडकीबाहेर बघत होते. मग फाईल मिटता मिटता, जाता जाता सांगावं तसं म्हणाले, "दिवाळीनंतर लाइफ ड्रॉइंगचा वर्गही लॅबमध्ये न्यायचा. बळवंतरावांचा एकदा थ्रीडी स्कॅन करून घेऊ. मग रोज माणूस उभा करायची गरज नाही."

म्हणजे माझा वर्ग. सव्वीस वर्षं चालवतेय मी तो. आणि बळवंतराव त्याच्याही आधीपासून, एकतीस वर्षं त्या लाकडी चौथऱ्यावर उभे आहेत. पाणीगेटहून सायकलवर यायचे, आता रिक्षानं येतात. पणजोबा महाराजांच्या फौजेत होते म्हणतात. पाठ बघितली की पटतं. या शहरात ज्याला ज्याला माणूस काढता येतो, त्यातल्या अर्ध्यांनी तरी त्या पाठीवर हात साफ केलाय. आणि आता म्हणे, गरज नाही!

मी उठून विचारलं, "आणि बळवंतरावांचं काय?" तर म्हणाले, "त्यांचं बघू ना काहीतरी, मृदुलाबाई. तुम्ही कशाला काळजी करता."

मीच करणार काळजी. दुसरं कोण करणार इथे?

१७ जून

रात्री दोनदा जाग आली. दोन्ही वेळा उदयसिंहरावांना बोलायची वाक्यं सुचत होती. सकाळी एकही आठवेना.

१९ जून, गुरुवार

बळवंतरावांशी बोलले. वीस मिनिटांची पोज झाली की पाच मिनिटं सुट्टी, तेव्हा ते चौथऱ्याच्या कडेला बसून उजवा गुडघा चोळतात. अंगावर पंचा घेतलेला, हातात चहा. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. या कॉलेजात शिपायाला आधी कळतं आणि शिक्षकांना शेवटी.

म्हणाले, "साहेब बोलले माझ्याशी. गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून देतो म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं तीस बॅचेसना शरीर म्हणजे काय ते शिकवलं, त्याला दाराशी राखणीला बसवायचं! मी तिथल्या तिथे सांगितलं, "बळवंतराव, मी या कॉलेजात आहे तोवर तुम्हाला या चौथऱ्यावरून कोणी खाली उतरवणार नाही."

ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. भरून आलं असणार.

२४ जून, मंगळवार

आज लॅबमध्ये शिक्षकांचं "प्रशिक्षण". शिकवणारा हार्दिक. वय असेल पंचवीस, अहमदाबादहून कसलासा कोर्स करून आलाय. मुलगा वाईट नाही. पण प्रत्येक वाक्यात "सिंपल छे, बेन." मला जे जे जमत नाही ते सगळं सिंपल छे.

चष्म्यावर तो डबा चढेना. चष्मा काढला तर आतलं दिसेना. शेवटी डबा चढवला एकदाचा. समोर एक मोठ्ठी रिकामी खोली. हार्दिकचा आवाज कुठूनतरी, "बेन, हवे हाथ लंबावो." मी हात लांबवला तो थेट लोखंडी कपाटावर. करंगळी सुजलीय. नंतर खोली गरगर फिरली आणि मी मटकन खाली बसले. मूर्तिकलेचे गणपतराव मात्र लहान पोरासारखे हवेत माती थापत होते. "अहो मृदुलाबाई, हात खराब होत नाहीत!" हात खराब होत नाहीत याचा एवढा आनंद! एका मूर्तिकाराला!

घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं. निजामपुऱ्याच्या नाक्यावर रिक्षावाल्याला चुकीची सोसायटी सांगितली.

२७ जून

वसंतला सगळं सांगितलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझा हा नवरा फक्त एकाच वाक्यात बोलतो आणि ते वाक्य नेमकं नको तेव्हा बोलतो. वांगी चिरता चिरता म्हणाला, "बळवंतरावांना विचारलंस का, त्यांना काय हवंय?"

त्यात काय विचारायचं? एकतीस वर्षं माणूस एक काम करतो, ते काढून घेतलं तर त्याला काय वाटेल हे विचारायला लागतं? वांगी मात्र चांगली झाली होती.

१ जुलै, मंगळवार

स्कॅन झाला. लिहूनच काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

हार्दिकच्या हातात इस्त्रीएवढं यंत्र. ते घेऊन तो बळवंतरावांच्या भोवती फिरणार, डोक्यापासून पायांपर्यंत, पाऊण तास. तोवर त्यांनी तसूभरही हलायचं नाही. नेहमीची पोज दिली — भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, कमरेची रेघ तिरकी. हीच पोज मी पहिल्या सत्रात घेते, कारण माणसाचा भार कुठून कुठे उतरतो ते यातच कळतं. भार कळला की चित्र उभं राहतं, नाहीतर कपडे वाळत घातल्यासारखं लोंबतं.

वीस मिनिटं झाली. बळवंतरावांनी शांतपणे खाली वाकून कानामागचा खडू काढला, दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली, पंचा घेतला आणि चहाला निघाले! हार्दिकच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे काका! क्यां जाव छो? आखु स्कॅन गयु!" बळवंतराव म्हणाले, "वीस मिनिटं झाली." एकतीस वर्षांची सवय. वीस मिनिटं, खडू, चहा. त्यात कोण कशासाठी उभं करतंय याचा संबंधच नाही.

मला इतका आनंद झाला की तोंड फिरवून उभी राहिले. गेला एकदाचा स्कॅन! असं वाटलं.

पाच मिनिटांनी आले, खडूच्या रेघांत पावलं ठेवली, मान वळवली, उभे. हार्दिकनं कपाळाला हात लावला आणि पुढचं सुरू केलं. म्हणाला, दोन भाग जुळले नाहीत तर उद्या पुन्हा पहिल्यापासून.

२ जुलै

जुळले. अगदी काटोकाट. हार्दिक सगळ्यांना कॉम्प्युटरवर दाखवत फिरतोय, "बेन, माणस छे के पथ्थर?"

इतकं चोख काम करायची काय गरज होती, बळवंतराव?

८ जुलै, मंगळवार

तिसऱ्या वर्षाची मुलं आज पहिल्यांदा, दिवाळीआधीची चाचणी म्हणून, लॅबमध्ये "लाइफ ड्रॉइंग"ला बसली. बसली म्हणजे उभी राहिली, डबे बांधून. मी पडद्यावर बघत होते. राखाडी बळवंतराव मधोमध उभे, आणि माझी मुलं त्यांच्यातून आरपार चालताहेत. एकानं त्यांच्या पोटात डोकं घातलं आणि ओरडला, "आतून पोकळ आहेत!" सगळे धावले आत बघायला. आतून चेहरा म्हणे मुखवट्याच्या मागच्या बाजूसारखा दिसतो.

मी ओरडले. फार ओरडले.  खरे बळवंतराव तेव्हा बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसले होते, पाय लांब करून. त्यांनी ऐकलं असेल तर? मला तोंड वर करवेना.

१० जुलै

हे लिहायचं नव्हतं. पण इथे खोटं लिहायचं असेल तर वही तरी कशाला.

ओवी — समा भागातून येते, तोंडातून शब्द निघत नाही, माझ्या वर्गात दोन वर्षं नुसती शेवटच्या रांगेत बसून खांदे आणि मान काढायची — तिनं आज स्कॅनवरून कोळशानं काढलेलं दाखवलं. खालून वर बघितलेले बळवंतराव. मांड्या, पोट, हनुवटी, सगळं धीटपणे, एकेका दमात. वर्गातलं सगळ्यात चांगलं.

विचारलं, "हे इतके दिवस कुठे होतं?" तर मान खाली घालून म्हणाली, "मॅम, ते समोर असले की मला बघायला लाज वाटते. तिथे ते बघत नाहीत ना."

मी "बरं" म्हणून पुढच्या मुलाकडे गेले. शाब्बास म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. माझाच राग आला.

१५ जुलै, मंगळवार

सापडलं!

सगळ्यांची चित्रं भिंतीला लावून बघत होते. ओवीचं धरूनसुद्धा प्रत्येक चित्रात काहीतरी चुकतंय, बळवंतराव जमिनीवर उभेच नाहीत. तरंगताहेत. मुलांचा दोष म्हणावा तर सव्वीसच्या सव्वीस? दुपारी हार्दिकला धरलं, डबा बांधायला लावला आणि म्हटलं, मला त्यांच्या पायाखाली ने. तो म्हणाला, "नीचे तो कंई नथी, बेन." तरी ने म्हटलं. त्यानं काहीतरी दाबलं आणि मी फरशीच्या खाली.

वर बघते तर तळवेच नाहीत! दोन भोकं. आणि त्या भोकांतून आत पायांच्या पोकळ नळ्या दिसताहेत, वरपर्यंत. साहजिकच आहे, माणूस पायांवर उभा असताना यंत्राला तळवे दिसणार कुठून! जिथे सगळा भार पडतो, नेमकी तीच जागा गायब.

गरगरलं, पण यावेळी बसले नाही. ज्याला तळवेच नाहीत त्याचा भार काय कपाळ काढणार मुलं? आता बघतेच उदयसिंहराव काय म्हणतात.

१८ जुलै, शुक्रवार

पत्र लिहिलं. सरळ ट्रस्टींना. तीन पानं. तळव्यांचे फोटो जोडले, म्हणजे नसलेल्या तळव्यांचे. शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलं: "श्री. बळवंतराव हे या वर्गासाठी अपरिहार्य असून त्यांना अन्य कोणतेही काम देणे हा त्यांचा व कलेचा अवमान ठरेल." मुलांच्या सह्या घेतल्या. गणपतरावांनीही केली, हवेत माती थापून आल्यावर.

सर्वांत खाली बळवंतरावांची सही हवीच होती. त्यांना दाखवलं. चष्मा आणला नव्हता त्यांनी. म्हणाले, "बाई, घरी नेऊ का? सूनबाई वाचून दाखवेल. सोमवारी आणतो." मी म्हटलं, अहो, चार वाजता ट्रस्टच्या ऑफिसात द्यायचंय, तुमच्या भल्याचंच आहे. ते थोडा वेळ कागद धरून उभे होते. मग सही केली. अक्षर काय सुरेख आहे! इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

२५ जुलै

उदयसिंहरावांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. "माझ्याकडे यायचं होतं, मृदुलाबाई. मी काय परका आहे? डोक्यावरून कशाला गेलात?" मी म्हटलं, आधी तुम्हालाच विचारलं होतं, तुम्ही 'बघू' म्हणालात. त्यावर पेपरवेट फिरवत म्हणाले, "मी बघतच होतो. तुम्हाला तेवढा दम नाही."

बोलणी खाऊन बाहेर आले. पण छान वाटत होतं.

४ ऑगस्ट, सोमवार

जिंकले!

ट्रस्टींपैकी सगळ्यात वयस्कर दिनकरराव. त्यांना डबा बांधला आणि फरशीखाली नेलं. दोन मिनिटं ते वर बघत राहिले. डबा काढून म्हणाले, "उदयसिंहराव, या माणसाला पायच नाहीत हो." बस्स. ठराव झाला: लाइफ ड्रॉइंग प्रत्यक्ष मॉडेलवरच, पुढचं पूर्ण वर्ष, आणि मॉडेल म्हणून श्री. बळवंतराव यांचं नाव ठरावात घालून. लॅब बाकीच्या विषयांना. उदयसिंहराव माझ्याकडे न बघता निघून गेले.

वसंतला फोन केला. "अभिनंदन" म्हणाला. एकच शब्द, पण चालेल.

बळवंतरावांना कधी एकदा सांगते असं झालंय. नेमके ते आज आले नाहीत.

७ ऑगस्ट

तीन दिवस झाले, बळवंतरावांचा पत्ता नाही. फोन लागत नाही. रविवारी घरीच जाते.

१० ऑगस्ट, रविवार

मंगळबाजारातून पेढे घेतले. पाणीगेटच्या आतल्या बाजूला गल्ली, तिसरं घर. एकतीस वर्षांत... माझी सव्वीस... त्यांच्या घरी मी आज पहिल्यांदा गेले.

दार सुनेनं उघडलं. भक्ती. नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती, डोळे तांबारलेले. बळवंतराव आत खाटेवर, उजवा गुडघा उशीवर, हा एवढा सुजलेला. झोप लागली होती त्यांना. मी हळू आवाजात म्हटलं, आनंदाची बातमी आणलीय, वर्षभर त्यांची जागा पक्की झाली, लेखी.

भक्तीनं पेढ्यांचा पुडा घेतला नाही. मला बाहेर ओट्यावर घेऊन आली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, एकेक शब्द आठवतोय.

"बाई, एक विचारू? तुम्ही बाबांना सोडत का नाही?"

मला कळेचना. ती म्हणाली, डॉक्टरांनी होळीच्या आधीच सांगितलंय, उभं राहायचं काम बंद. हाड हाडाला घासतंय. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत काढतो, मग साहेब गॅलरीत खुर्ची देणार आहेत, ते स्वतः जाऊन साहेबांना बोलले होते त्यासाठी. तो स्कॅन का काय ते व्हायच्या आदल्या दिवशी घरी शिरा केला होता त्यांनी. म्हणाले, आता तो उभा राहील माझ्या जागी, मी बसेन. "मग तुम्ही कागद आणलात. सही करून घरी आले आणि जेवलेच नाहीत. मी म्हटलं, बाबा, बाईंना सांगा सरळ. तर म्हणाले, बाई माझ्यासाठी एवढ्या भांडताहेत, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

मी काहीतरी बोलले. मला माहीत नव्हतं, असं काहीतरी. ती म्हणाली, "तुम्ही रोज त्यांच्याकडेच बघता ना, बाई? दोन-दोन तास?"

पुडा ओट्यावरच राहिला. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

रोज बघते. सव्वीस वर्षं. भार उजव्या पायावर आहे हे मुलांना बोट दाखवून सांगते. तो गुडघा रोज चोळला जातो हेही याच वहीत लिहिलंय मी, चहाच्या कपासकट.

मी मूर्ख बाई आहे. मूर्ख आणि वर तोंडाळ.

११ ऑगस्ट, सोमवार

दहाच्या आधी उदयसिंहरावांच्या केबिनबाहेर उभी. सगळं सांगितलं. माझी चूक झाली, पत्र मागे घेते, बळवंतरावांना गॅलरीत घ्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा बसा म्हणाले. "गॅलरीत शुक्रवारी माणूस रुजू झाला. ठरावानंतर ती जागा मी कोणासाठी अडवून ठेवणार होतो?" आणि ड्रॉवरमधून माझं पत्र काढून समोर ठेवलं. "हे तुमचंच ना? 'अन्य कोणतेही काम देणे हा त्यांचा व कलेचा अवमान.' आणि खाली त्यांची सही."

मी म्हटलं, रद्द करा ठराव. ते म्हणाले, ट्रस्टची बैठक आता मार्चमध्ये. तोवर मॉडेल म्हणून दुसऱ्याला घेता येणार नाही, ठरावात नाव तुम्हीच घालायला लावलंत. ते आले तर हजेरी लागेल. नाही आले तर पगार नाही.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पाणी मागवलं माझ्यासाठी.

१२ ऑगस्ट

काही सुचत नाही.  जूनमध्ये विचारलं होतं याची आठवण वसंत करून देत नाही, हे त्याहून वाईट.

१८ ऑगस्ट, सोमवार

बळवंतराव आले. लंगडत जिना चढले आणि सरळ कपडे काढायला आडोशाला निघाले. मी हात धरून थांबवलं, पंख्याखाली खुर्चीवर बसवलं. मुलांना बाहेर घालवलं.

मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, मध्येच रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला. ते उलट माझीच समजूत काढायला लागले. "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, बाई." याच्याऐवजी शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं, का नाही सांगितलंत मला? ते म्हणाले, "खुर्ची देताहेत असं सांगितलं होतं. तुम्ही रागावलात."

खरंच आहे.

मग ठरवलं. मार्चपर्यंत बळवंतराव रोज येतील, हजेरी लागेल आणि बसतील. बसलेली पोज, टेकलेली पोज, आडवी पोज. आयुष्यभर उभीच पोज घ्यायचा हट्ट माझा, अभ्यासक्रमात कुठे लिहिलेलं नाही तसं. मार्चमध्ये ठराव मीच बदलून घेईन, पाय धरावे लागले तरी. त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्हाला चालेल ना? खरं सांगा. इतक्यांदा विचारलं की शेवटी हसले. "चालेल हो. पण हात असलेली खुर्ची द्या."

उभ्या पोजसाठी काय करायचं ते मात्र कळत नाही. परीक्षेत तीच येते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कधी वाटलं नव्हतं मी स्वतःहून लॅबची पायरी चढेन. हार्दिकला विचारलं, तळवे बसवता येतील का त्या स्कॅनला? तो म्हणाला, "केम नहीं, बेन? काका सुई जाय एटले थयु." काका आडवे झाले की झालं. इतकं साधं. मला जुलैमध्ये विचारायचं सुचलं नाही, कारण मला तळवे नकोच होते. मला भोकं हवी होती, पत्राला जोडायला.

बळवंतराव टेबलावर आडवे झाले, पाय कडेच्या बाहेर. हार्दिक यंत्र फिरवत होता आणि मी पहिल्यांदा त्यांचे तळवे बघितले. डावा बरा आहे. उजवा पार सपाट झालाय, पोटरीकडून आलेला सगळा भार पसरून गेल्यासारखा. टाचेला खोल भेगा, करंगळीखाली जुनं कुरूप, अंगठा आत वळलेला. इतकी चित्रं काढून घेतली या माणसाची, हजारांनी असतील, आणि एकातही हे नाही. मी मुलांना बोलावलं. म्हटलं, बघा. कोणी हसलं नाही. ओवीनं वही काढली आणि जवळ जाऊन, अगदी हातभर अंतरावर बसून, तळवा काढायला लागली. बळवंतराव तिच्याकडेच बघत होते, तरी काढत राहिली.

मी तिला शाब्बास म्हटलं. उशिरा का होईना.

२५ ऑगस्ट

स्कॅन आता जमिनीवर उभा राहतो, थोडाफार. तळवे आहेत. पण श्वास नाही, आणि दमत नाही. दमलेला पाय कसा दिसतो ते मुलांना त्यात कळणार नाही. हार्दिकला म्हटलं तर म्हणाला, "ए पण आवशे, बेन, बे-त्रण वरसमां." येईल बाबा दोन-तीन वर्षांत. तोवर कोणीतरी दमायला पाहिजे.

१ सप्टेंबर, सोमवार

आज चौथऱ्यावर मी चढले. साडी नेसून, चपला काढून. मुलांना वाटलं काहीतरी सांगायला चढले. म्हटलं, काढा. भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल. बळवंतराव माझ्या खुर्चीत, माझं घड्याळ हातात घेऊन. वीस मिनिटं झाली की सांगा म्हटलं.

आधी टाच जड झाली. मग पोटरी. मग गुडघ्यात कोणीतरी बोट खुपसावं तसं. मग पाय माझा राहिलाच नाही, कानांत घूं व्हायला लागलं, समोरची पोरं धूसर झाली. वीस होऊन गेली असणार, सांगायला विसरले असणार. मान न वळवता विचारलं, "बळवंतराव, किती झाली?"

"सहा, बाई."

मी खाली उतरले.